मांडीतला दाणा

डोलीच्या मागच्या दांड्याला खांदा देणाऱ्याला वाट दिसत नाही. समोर डोलीत बसलेल्या माणसाची पाठ असते आणि तिच्यापलीकडे पुढच्या गड्याचं डोकं. ते डोकं किती वर जातं, कुठे कलतं, त्यावरून पायरी उंच आहे की बुटकी, ओली आहे की फुटकी, हे मागच्याने ओळखायचं. देवमन चौरे एकोणीस वर्षं पंडित बागूलच्या डोक्याकडे बघत कुंभाईचा डोंगर चढत होता.

पंडित त्याच्या धाकट्या बहिणीचा, तुळसाचा नवरा. घरजावई म्हणून पाड्यावर आला आणि देवमनच्या भिंतीला भिंत लावून राहिला. देवमनची बायको वारली तेव्हापासून त्याचं जेवणखाणही बहिणीकडेच होतं. दोघा मेहुण्यांचं फारसं बोलणं व्हायचं नाही. डोली वाहणाऱ्यांना दम बोलण्यात घालवून चालत नाही, आणि घरी आल्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

कुंभाईला दोन हजार शंभर पायऱ्या. खालच्या तळावर आता नाशिक-पुण्याहून विनाचालक गाड्या येऊन थांबत, आणि देवीची आरती ज्याला हवी त्याला घरबसल्या चष्म्यात दिसे. पण डोंगराच्या वरच्या कड्यात गिधाडांची घरटी होती. त्या पट्ट्यात गिधाडं उरली होती ती तेवढीच, म्हणून वन खात्याने रोपवे होऊ दिला नाही आणि माणसं उचलणारी ड्रोनही बंद केली. ज्याला देवीच्या पायांशी जायचं त्याला पायऱ्या चढाव्या लागत, नाहीतर माणसाचा खांदा घ्यावा लागे.

बावन्नाव्या वर्षी देवमनचा डावा गुडघा बोलू लागला. आधी तो फक्त उतरताना दुखायचा. मग चढताना दुखू लागला, मग बसल्या जागेवरून उठताना, आणि शेवटी नुसतं अंथरुणात कूस बदलतानाही. तुळसा रोज सकाळी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायची. तेवढ्याने पाचशे पायऱ्या निघत.

एकदा एका खेपेत त्याला सात वेळा डोली टेकवावी लागली. डोलीतल्या आजोबांचा मुलगा बरोबर चालत होता. तो म्हणाला, "दुसरी जोडी नाही का मिळत?"

पंडितने मागे वळून देवमनकडे पाहिलं. "दादा, तुम्ही पुढं या. मागचा भार मी घेतो."

चढावर मागच्याच्या खांद्यावर जास्त वजन येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. देवमन मागेच राहिला. दुसऱ्या दिवशी तो पायथ्याच्या आरोग्य उपकेंद्रात गेला.

तिथल्या नीलिमा सोनवणे मॅडम तीन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांनी हातात मावणारं एक यंत्र देवमनच्या गुडघ्याभोवती फिरवलं, तशी समोरच्या पडद्यावर त्याची हाडं उमटली. मॅडमनी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि बोट ठेवून ठेवून दाखवलं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोघांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो, शहाळ्यातल्या घट्ट मलईसारखा, गुळगुळीत. त्या थरात रक्त नाही आणि नसही नाही. म्हणून तो झिजत असताना माणसाला पत्ता लागत नाही, आणि एकदा झिजला की भरून येत नाही. दुखणं सुरू होतं ते पुष्कळ उशिरा, जेव्हा खालच्या हाडावर थेट भार पडू लागतो आणि सांध्याचं अस्तर सुजतं. ते सुजलेलं अस्तर एक प्रथिन सोडतं. आसपासच्या, दुखणं कळवणाऱ्या नसांना ते खतासारखं लागू पडतं. त्या नसांना फुटवे फुटतात, त्या हळव्या होतात, आणि साधं पाऊल टाकलं तरी मेंदूकडे ओरडून निरोप धाडतात.

"संधिवात म्हणतात तो हाच का?" देवमनने विचारलं.

"संधिवात शंभर प्रकारचे असतात. हा झिजेचा. तुमच्या वयाच्या निम्म्या माणसांना थोडाफार असतोच. तुम्ही ओझं वाहिलंत म्हणून तुमचा पुढे गेलाय." मॅडम जरा थांबल्या. "सुगमचं नाव ऐकलंय ना?"

ते कोणी ऐकलं नव्हतं? शहरात त्याचा बोलबाला होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. 'सुगम' हे कागदावरचं नाव, लोक त्याला दाणा म्हणत. साबुदाण्याएवढी एक कुपी मांडीच्या कातडीखाली सरकवायची. कुपीत जिवंत पेशी. त्या पेशी रोज थोडीथोडी प्रतिपिंडं तयार करणार आणि ती प्रतिपिंडं ते खतासारखं प्रथिन पकडून निकामी करणार. खत मिळालं नाही की नसा गप्प होतात. गोळ्या घ्यायला नकोत, पोट बिघडत नाही, गुंगी नाही. एकदा बसवला की तीन वर्षं बघायला नको. आता चाळिशीवरच्या कष्टकऱ्यांसाठी तो सरकारी योजनेत आला होता.

"एक ऐका, देवमनभाऊ," मॅडम म्हणाल्या. "दुखणं थांबेल. झीज थांबणार नाही. ओझं कमी करा, आणि दर सहा महिन्यांनी मला गुडघा दाखवत जा."

देवमनने त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं. पुढची दोन त्याला ऐकू आली, पण ती त्याच्यासाठी होती असं त्याला वाटलं नाही. ओझं कमी करा म्हणजे काय, हे डोली वाहणाऱ्याला कोण सांगणार?

दाणा बसवल्यानंतर नवव्या दिवशी तो सकाळी उठला आणि अंगणात जाऊन उकिडवा बसला. राख घेऊन दात घासले. उठला. मग त्याच्या लक्षात आलं की उठताना त्याने भिंत धरली नव्हती. तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. तुळसा दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसू लागली.

त्या दिवशी देवमनने एकदाच डोली टेकवली, तीही पंडितला दम लागला म्हणून. पुढच्या आठवड्यात दोघे दिवसाला दोनऐवजी तीन खेपा करू लागले. संध्याकाळी उतरताना रिकामी डोली घेऊन देवमन पायऱ्यांवरून अक्षरशः पळायचा. वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि त्याचा तो आनंद खोटा नव्हता.

त्रास पंडितला होऊ लागला. त्याचे गुडघे थोडेफार कुरकुरत, पण त्याचं चालत होतं. आता मागचा माणूस जोरात आणि पुढचा सावकाश, अशा चालीत दांडा पुढच्याच्या मानेवर येतो. पंडितच्या खांद्यावर वळ उठले.

"दाजी, तुम्हीही बसवून घ्या," देवमन एकदा म्हणाला.

"मला एवढं दुखत नाही, दादा."

"आज नाही, उद्या दुखेलच. दुखेपर्यंत थांबायचं कशाला? दोन मिनिटांचं काम आहे. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

चार दिवसांनी देवमननेच विषय पुन्हा काढला, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी पंडित त्याच्याबरोबर उपकेंद्रात गेला. मॅडमनी त्याचा गुडघा पाहून कपाळाला आठी घातली. झीज होती, पण बेताची. योजनेत बसत होती म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही. दाणा बसला.

पुढची दोन वर्षं कुंभाईच्या डोंगरावर कोणी कधी पाहिली नव्हती अशी गेली. शहरातून म्हाताऱ्याकोताऱ्या यायच्या आणि पदर खोचून आपल्या पायांनी चढायच्या. सत्तरीच्या बाया वर पोचून फुगड्या घालायच्या. पहिल्या चैत्रात निम्म्या डोल्या रिकाम्या राहिल्या. जी काही गिऱ्हाइकं उरली त्यांनाही आता घाई होती. संस्थानचे व्यवस्थापक कोठावदे भाऊसाहेब यांनी तळावर पाटी लावली: दाणा बसवलेल्या जोड्यांना आधी नंबर. वर्षभरात साठातल्या पन्नास वाहकांच्या मांडीत दाणा होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती. ज्याने नाही बसवला त्याचा नंबर दुपारनंतर लागे, एवढंच.

मग तिसऱ्या वर्षी उलटं फिरलं. त्याच बाया, तेच आजोबा पुन्हा आले, पण काठ्या घेऊन, चाकांच्या खुर्च्यांत बसून. कोणाचा खुबा खचला होता, कोणाचा गुडघा आत वळला होता. दुखत नाही म्हणून हे सगळे दोन-तीन वर्षं मनसोक्त चालले होते. डोलीची रांग तळ ओलांडून रस्त्यावर गेली. शहरातल्या डॉक्टरांमध्ये कुजबुज सुरू झाली, चौकशी समिती बसली, कंपनीने पत्रक काढलं की अशी उदाहरणं तुरळक आहेत आणि त्यांचा औषधाशी संबंध सिद्ध झालेला नाही. डोंगरावर ते पत्रक कोणी वाचलं नाही. तिथे दिवसाला चार खेपा चालल्या होत्या.

पौषातली गोष्ट. डोलीत मालेगावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, किडकिडीत, हलक्या. बाराशेव्या पायरीच्या पुढे वळणावर वाळका बांबू मोडावा तसा आवाज झाला. पंडित एका गुडघ्यावर बसला. डोली कलली. देवमनने मागून तोल सावरला.

"काय झालं, दाजी?"

"काही नाही. पाय सरकला." पंडित उठला, दांडा खांद्यावर घेतला आणि चालू लागला.

देवमनला समोर पंडितचं डोकं दिसत होतं. ते डोकं आता दर पावलाला डावीकडे कलत होतं. आधी थोडंसं कललं, मग शे-दीडशे पायऱ्यांनी जास्त. एकोणीस वर्षं, आणि वर ही तीन, तो त्या डोक्यावरून डोंगर वाचत आला होता. पायऱ्या सरळ होत्या. वाकडं होतं ते दुसरंच काहीतरी. देवमनला ते कळलं. डोली टेकवू या, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण वर पोचायला नऊशेच पायऱ्या होत्या, खाली चौथी खेप वाट बघत होती, आणि पंडित स्वतः काही म्हणत नव्हता. पंडितला दुखत असतं तर तो म्हणालाच असता.

वरच्या ओट्यावर डोली टेकवली. बाई उतरल्या, पंडितच्या पायाकडे बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पंडितची डावी नडगी गुडघ्यापासून बाहेरच्या बाजूला गेली होती. तो स्वतःच्या पायाकडे असं बघत होता, जणू कोणी परक्याने आपलं सामान इथे ठेवलंय.

"हे कधी झालं?" त्याने देवमनला विचारलं.

त्याला खाली आणलं ते त्याच डोलीतून.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने देवमन आणि तुळसाला पडद्यासमोर उभं केलं. मांडीच्या हाडाचं टोक जिथे असायला हवं तिथे नुसता चुरा दिसत होता, पाटीवर खडू दाबून मोडावा तसा.

"एवढं होतं तेव्हा माणूस किंचाळतो," डॉक्टर म्हणाला. "हे नऊशे पायऱ्या चढले म्हणता?"

"नवीन गुडघा बसवता येत असेल ना?" तुळसाने विचारलं.

"तो बसवायला खाली टणक हाड लागतं, ताई. ते उरलेलं नाही. आरपार सळई घालून पाय सरळ जखडावा लागेल. उभं राहता येईल, काठी घेऊन चालता येईल. दुमडणार मात्र नाही."

मग तो देवमनशी बोलला. कदाचित त्यालाच कोणाला तरी सांगायचं असावं. गुडघा दुखला की माणूस लंगडतो, तो का? दुखऱ्या जागेवरचा भार काढून दुसरीकडे देतो म्हणून. पाऊल टेकण्याआधी मांडीचे स्नायू आवळतो, धक्का वरच्या वर झेलतो. रात्री पाय हलवत नाही. हाडात रोज केसाएवढ्या भेगा पडतात आणि रोज बुजतात, त्या बुजायला हीच विश्रांती लागते. हे सगळं माणूस ठरवून करत नाही, दुखणं त्याच्याकडून करून घेतं. ते गप्प केलं की भेगा पडतच राहतात आणि बुजत नाहीत.

"मग हे औषध दिलं कसं?" देवमनने विचारलं.

"चाचणीत घेतलेली माणसं सेवानिवृत्त होती. सकाळी बागेत जायची, बाकावर बसायची, परत यायची. त्यांना काही झालं नाही." डॉक्टरने पडदा बंद केला. "त्यांच्यातल्या एकानेही डोली वाहिली नव्हती."

परतल्यावर देवमन उपकेंद्रात गेला. सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलेला गुडघा तो तीन वर्षांनी दाखवत होता. मॅडमनी यंत्र दोन वेळा फिरवलं. डाव्या गुडघ्यात हाडाचा माथा खचायला लागला होता, उजव्यातही सुरुवात होती.

"चालत राहिलात तर आठ-दहा आठवडे टिकतील," त्या म्हणाल्या. "काढून टाकू या?"

"काढल्यावर पहिल्यासारखं दुखेल?"

"पहिल्यापेक्षा जास्त."

त्यांनी मांडीत नखाएवढी चीर दिली आणि चिमट्याने दाणा बाहेर काढून वाटीत टाकला. पाच आठवडे काही झालं नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी देवमनला अंथरुणातून उठता येईना. तीन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम आलं होतं. दोन्ही गुडघ्यांत कोणी तापलेल्या कांबी फिरवतंय असं वाटे. परसाकडे जायला त्याला बहिणीचा खांदा लागू लागला.

एका दुपारी तुळसा पाण्याला गेली असताना दोघे मेहुणे ओसरीवर होते. पंडित खाटेवर, डावा पाय समोर लाकडासारखा सरळ.

"दाजी," देवमन म्हणाला, "तुम्हाला नको होता. मीच मागे लागलो."

पंडितने समोरच्या डोंगराकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं म्हणून नाही बसवला, दादा. खांद्यावर वळ उठत होते. कोणाला तरी थांबायला सांगावं लागलं असतं. तुम्हाला थांबा म्हणण्यापेक्षा दाणा सोपा वाटला."

"त्या दिवशी तुमचं डोकं कलत होतं. मला दिसत होतं."

यावर पंडितने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर देवमनला बरं वाटलं असतं.

"दिसत होतं?" पंडित म्हणाला, आणि पुन्हा डोंगराकडे वळला.

फाल्गुनात तुळसाने विषय काढला. भाकरी थापता थापता, देवमनकडे न बघता ती म्हणाली, "संस्थान बायांना घेतंय डोलीवर. माणसंच उरली नाहीत. मी आणि पारू जाणार आहोत."

पारू पलीकडच्या घरातली विधवा, तुळसाच्याच वयाची, चाळिशीची. दोघी लहानपणापासून डोक्यावर मोळ्या घेऊन डोंगर उतरलेल्या.

"जा," देवमन म्हणाला. "पण दाण्याशिवाय."

"बिनदाण्याच्यांना नंबर नाही."

देवमन दोन काठ्या घेऊन तळावर गेला. दहा मिनिटांच्या वाटेला त्याला तास लागला. कोठावदे भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते.

"भाऊसाहेब, ती पाटी काढा."

"काढतो. मग?" त्यांनी खिडकीतून रांगेकडे बोट केलं. चाकांच्या खुर्च्या उन्हात उभ्या होत्या. "ही माणसं आठ-आठ तास बसतात इथे. बिनदाण्याची जोडी दिवसाला दोनच खेपा करते, देवमन. माझी स्वतःची आई अंथरुणाला खिळली आहे, याच दाण्यापायी. मला कळत नाही असं नाही."

"कळतं तर मग?"

"मी काढली तर उद्या विश्वस्त ठेकेदार आणतील, आणि तो बाहेरची माणसं आणेल. मग तुमच्या पाड्याला हेही काम नाही."

चहा तसाच ठेवून देवमन उठला. मग तो उपकेंद्रात गेला. तुळसा आली तर नाही म्हणा, एवढंच त्याला मॅडमना सांगायचं होतं.

"परवा आल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "मी नाही म्हणाले. गुडघे चांगले आहेत, योजनेत बसत नाही. तर काल तालुक्याला जाऊन खासगीत बसवून आल्या दोघी."

घरी आल्यावर तुळसाच म्हणाली.

"तुझे गुडघे गेले, दादा. यांचा गेला. घरात आता माझेच उरलेत."

"तेही घालवणार?"

"मी जपून चालेन."

"कशावरून जपशील? जपायचं कधी हे सांगणारंच तू बंद करून आलीस."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

देवमनने मॅडमकडून एक गोष्ट शिकून घेतली. दाणा दुखणं झाकतो, सूज झाकत नाही, ऊब झाकत नाही. चांगला गुडघा हाताला नडगीपेक्षा गार लागतो, कारण त्याच्याभोवती मांस कमी असतं. सांध्यात आग लागली की तो आधी गरम होतो. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू लावायची. आधी नडगीला, मग गुडघ्याला. दोन्ही पाय. रोज एकाच वेळी, तासभर बसून राहिल्यानंतर. गुडघा गरम लागला तर त्याच दिवशी डोली बंद.

तुळसाने ते कबूल केलं. रोज दिवेलागणीला, अंग धुऊन झाल्यावर, ती ओसरीवर पाय पसरून बसायची. देवमन काठ्यांचा आधार घेत खाली बसायचा. ते बसणं त्याला दिवसातलं सगळ्यात जड जायचं. मग तो हाताची मागची बाजू लावायचा. नडगी, गुडघा. नडगी, गुडघा. खाटेवरून पंडित बघत असायचा.

"गार," देवमन म्हणायचा, आणि तुळसा उठून चुलीकडे जायची.

असा महिना गेला. तिच्या खेपा दोनाच्या तीन झाल्या. पारूची आणि तिची जोडी तळावर नावाजली जाऊ लागली. तुळसाचे खांदे भरले, चाल बदलली. ती कधी कधी जेवताना डोंगरावरच्या गमती सांगायची आणि पंडित हसायचा.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आदल्या संध्याकाळी देवमनने तिच्या उजव्या नडगीला हात लावला, मग गुडघ्याला. मग परत नडगीला.

"काय?" तुळसा म्हणाली.

"हा गरम आहे."

"दिवसभर उन्हात होते."

"डावा नाही गरम. तोही उन्हातच होता."

"तुझा हात गार पडलाय. दिवसभर बसून असतोस."

देवमन काठीवर रेटा देऊन उठला. चुलीपाशी गेला आणि निखाऱ्यांवर दोन्ही हात धरून उभा राहिला. चांगले शेकले. कातडी लाल होईपर्यंत शेकले. मग परत येऊन खाली बसला, आणि या वेळी तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्याने ओठ दाबून धरले. हात लावला. शेकलेल्या हाताला नडगी गार लागली, डावा गुडघा गार लागला. उजवा मात्र गार लागेना. आणि आता गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाजूला बोट दाबलं की तिथे पाणी भरल्यासारखं हलत होतं.

तुळसाने लुगडं खाली ओढून गुडघा झाकला.

"उद्या पौर्णिमा आहे," ती म्हणाली. "चार हजार माणसं येणार. मी नाही गेले तर पारू एकटी पडते. उद्याचा दिवस. परवा मॅडमकडे जाऊन काढून टाकते."

"तुळसा."

"मला काही होत नाही दादा. खरंच. काही वाटतच नाहीये."

तेव्हा पंडित खाटेवरून बोलला.

"मलाही काही वाटत नव्हतं. त्या वळणानंतर तर अगदी हलकं वाटत होतं. मी मनात म्हणत होतो, आज पाचवी खेपही होईल."

तुळसा उठून भाकरीला लागली. जेवणं झाली.

उजाडता उजाडता पारूने बाहेरून हाक दिली. देवमन भिंतीला धरून दारापर्यंत आला. पंडितही काठीवर भार देत त्याच्यामागे येऊन उभा राहिला. तुळसाने पदर खोचला, कोपऱ्यातला दांडा उचलून खांद्यावर टाकला आणि ती अंगणातून निघाली. बांधावरून उडी मारून पायवाटेला लागली. दोघे जण ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या पायांकडे बघत राहिले. भराभर, सरळ, एकसारखी पावलं पडत होती. चालीत काहीही दोष नव्हता.